लाखाचे घड्याळ आणि उशिराची वरात

लग्नसराई जवळ आली की आटगाव-शहापूर परिसरात मुलीच्या घरी एक यादी तयार होते. तीत भांडी असतात, कपाट असते, नवरदेवाची अंगठी व साखळी असते, आणि त्याच ओळीत घड्याळही असते. पूर्वी नुसते ‘घड्याळ’ असे लिहीत. आता कंपनीचे नाव लिहितात. मुलीचा बाप ते नाव वाचतो, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला विचारतो आणि किंमत ऐकून गप्प बसतो. आमचा आजचा वाद यादीतल्या या एका नोंदीशी आहे. घड्याळाशी आमचे वैर नाही. घड्याळ ही माणसाने घडविलेल्या उत्तम वस्तूंपैकी एक आहे. ते पारखून घ्यावे, जपावे, त्याच्यावर जीवही लावावा. म्हणूनच त्याची जी विटंबना आज चालली आहे ती आम्हांस सहन होत नाही.

घड्याळ कशासाठी असते, असा प्रश्न विचारला तर कोणीही हसेल. तरी तो विचारला पाहिजे. एकट्या माणसाचे सूर्यावर भागते. भाताची लावणी करणाऱ्याला मिनिटकाटा लागत नाही. दुसरे कोणी आपली वाट पाहत असेल तेव्हा मात्र तो लागतो. वेळ पाळणे म्हणजे दुसऱ्याला दिलेला शब्द पाळणे होय, आणि घड्याळ हे त्या शब्दाचे साधन आहे. आटगावकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलगाड्या विरळ होत जातात. ठाण्याच्या माणसाची गाडी चुकली तर त्याला दुसरी मिळते. आटगावच्या माणसाची चुकली तर त्याची पाळी बुडते, खाडा लागतो, किंवा न्यायालयातली तारीख हुकते. मुरबाडकडच्या बांधवांची भिस्त तर एसटीवर. अशा मुलखात अचूक घड्याळ ही चैन नाही, गरज आहे.

ही शिस्त आपल्याकडे लोहमार्गाने आणली. १८६१ साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीस पोचली. त्या काळी ‘आता किती वाजले?’ या प्रश्नाला एकच उत्तर नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रेल्वे मद्रासच्या वेळेने धावे, तर मुंबई शहर स्वतःच्या स्थानिक वेळेने चाले, आणि दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर होते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. पण मुंबईकरांनी ती सहजासहजी मान्य केली नाही. प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ मुंबई महापालिकेने पुढेही कित्येक वर्षे जपला. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की सर्वांची एक वेळ ही आपल्याला आयती मिळालेली नाही. ती समाजाने भांडून, वाद घालून, अखेर एकमताने स्वीकारलेली सार्वजनिक गोष्ट आहे. मनगटावरचे घड्याळ म्हणजे या सार्वजनिक ठेव्यातला प्रत्येकाचा वाटा. पाटलाच्या घड्याळात आणि कातकऱ्याच्या घड्याळात एकाच क्षणी बारा वाजतात. समानतेचा इतका साधा पाठ देणाऱ्या वस्तूला आम्ही उच्च-नीचतेचे चिन्ह करून टाकले आहे.

हे चिन्ह कसे तयार झाले? ‘फेवर ल्यूबा’ आणि ‘वेस्ट एंड’ या स्विस घड्याळांनी एकोणिसाव्या शतकातच मुंबईच्या बाजारात बस्तान बसविले होते. तेव्हा घड्याळे खिशात असत; पुरुषांच्या मनगटावर ती सर्रास आली पहिल्या महायुद्धात, कारण खंदकातल्या शिपायाला खिशात हात घालण्याची सवड नव्हती. म्हणजे मनगटी घड्याळाचा पुरुषी रुबाब मुळात गैरसोयीतून जन्मलेला आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर निर्बंध आले, आणि १९६०-७० च्या दशकांत आपल्या किनाऱ्यावर रात्री उतरणाऱ्या चोरट्या मालात सोन्याबरोबर स्विस घड्याळेही असत. ‘फॉरेनचे घड्याळ’ हा शब्दप्रयोग ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्यातला अभिमान आठवत असेल. वस्तू चोरवाटेने आली आहे हे ठाऊक असूनही तो अभिमान होता.

त्याला प्रामाणिक उत्तर दिले ते ‘एचएमटी’ने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे या सरकारी कंपनीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. तिच्या एका घड्याळाचे नावच ‘जनता’ होते. पांढरी तबकडी, बारीक सरळ काटे, रोज सकाळी चावी देण्याची सवय आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी घड्याळजीला उघडता येईल असे यंत्र. शिक्षक, तलाठी, स्टेशनमास्तर, गिरणी कामगार या सर्वांच्या मनगटावर ते होते. दहावीला चांगले गुण मिळाले की ते मिळे, आणि नोकरीतून निवृत्त होतानाही तेच मिळे. पुढे टाटा उद्योगसमूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांच्या सहकार्याने १९८४ साली ‘टायटन’ची स्थापना झाली, १९८७ पासून तिची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली, आणि चावीच्या घड्याळांचा काळ सरू लागला. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला.

क्वार्ट्झने काय केले हे नीट समजून घेतले, तर आजच्या मिरवण्याचे सारे पितळ उघडे पडते. १९६९ सालच्या नाताळच्या दिवशी जपानच्या सैको कंपनीने जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्याची किंमत तेव्हा एका लहान मोटारीएवढी होती. आज तेच तत्त्व हजार-दीड हजार रुपयांच्या घड्याळात असते. सेलमधल्या विजेने एक लहानसा गारगोटीजातीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या कंपांच्या मोजणीवर काटा पुढे सरकतो. असे साधे घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंद मागेपुढे होते. आता महागड्या यांत्रिक घड्याळाकडे पाहा. स्वित्झर्लंडच्या अधिकृत परीक्षण संस्थेचे क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळविण्यासाठी त्याने दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे या मर्यादेत चालावे लागते. म्हणजे प्रमाणपत्र मिळालेले घड्याळदेखील महिन्याभरात तीन मिनिटे पुढे जाऊ शकते. काही कंपन्या याहून कडक कसोटी लावतात हे खरे, तरीही हजार रुपयांच्या घड्याळाची बरोबरी करणे त्यांना कठीणच. लाखो रुपये मोजणारा माणूस अधिक अचूक वेळ विकत घेत नसतो. मग तो काय विकत घेतो?

याची दोन उत्तरे संभवतात, आणि त्यांतले एक सन्मान्य आहे. यांत्रिक घड्याळ उघडून पाहावे. गुंडाळलेली कमान हळूहळू सुटत जाते, तिची ओढ दातेरी चाकांतून पुढे जाते, आणि केसासारख्या स्प्रिंगला बांधलेले एक चक्र मागेपुढे झुलत त्या ओढीला क्षणाक्षणाने वाट देते. जुन्या घड्याळांत सेकंदाला पाच ठोके पडतात, नव्यांत बहुधा आठ. ना वीज, ना सेल. चक्रांच्या आसांना झिजू न देण्यासाठी कृत्रिम माणकांच्या खाचा बसविलेल्या असतात; ‘१७ ज्युवेल्स’ म्हणजे अशा सतरा खाचा, दागिन्यातले खडे नव्हेत. तांदळाच्या दाण्याहून लहान भाग हाताने घासून, तपासून, जुळवून जो कारागीर हे बसवितो त्याच्या कौशल्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. ज्याला हे कळते, ज्याच्या घरचे भागून उरते आणि जो कर्ज न काढता असे घड्याळ घेतो, त्याच्याशी आमचे भांडण नाही. जुना तंबोरा जपणाऱ्याशी आपण भांडतो का? शिवाय असे घड्याळ नीट राखले, दर काही वर्षांनी साफ करून तेल घातले, तर ते नातवापर्यंत चालते.

परंतु आमच्या यादीतल्या घड्याळाचे असे नसते. ते मागणाऱ्या नवरदेवाला आत कमान आहे की सेल हेही ठाऊक नसते. त्याला तबकडीवरचे नाव हवे असते, आणि ते नाव समोरच्याला वाचता यावे एवढीच त्याची अपेक्षा असते. पौषातल्या म्हसाच्या जत्रेत बैल घेताना आमचा शेतकरी त्याचे दात मोजतो, खूर पाहतो, चालवून बघतो. तोच माणूस घड्याळाच्या बाबतीत नुसत्या नावावर भुलतो, हे नवल आहे. जिनिव्हा शहराचा इतिहास येथे आठवतो. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनच्या कडक राजवटीत तेथे दागिन्यांवर बंदी आली, तेव्हा पोटासाठी सोनारांनी घड्याळे घडविण्याकडे मोर्चा वळविला, आणि १६०१ साली तेथे घड्याळजींचा संघही स्थापन झाला. उपयोगाची वस्तू म्हणून ज्याला सूट मिळाली, तोच पुढे सर्वांत महागडा दागिना झाला. दागिना हद्दपार करता येतो, पण हौस दुसऱ्या दाराने परत येते, असे त्यावरून दिसते.

याच्या उलट बाजूही आहेत. गांधीजी कमरेला घड्याळ लटकवीत आणि मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवीत. ते घड्याळ त्यांना लोकांना दिलेल्या भेटीच्या वेळा पाळण्यासाठी लागे. त्यांचे एक घड्याळ, चष्मा, वहाणा आणि ताट-वाटी यांचा २००९ साली न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला आणि त्यांना १८ लाख डॉलर मिळाले. ज्याने वस्तूंचा लोभ टाकला त्याच्या वस्तूंवर लोभाने बोली लावली गेली. दिवंगत पोप फ्रान्सिस साध्या प्लॅस्टिकच्या क्वार्ट्झ घड्याळावर समाधानी होते. जगातल्या राष्ट्रप्रमुखांच्या भेटींना त्या घड्याळाने काही कमीपणा आला असे ऐकिवात नाही.

आता नकली घड्याळांविषयी. ऐपत नाही पण नाव हवे, अशांसाठी बाजाराने ‘फर्स्ट कॉपी’ नावाची सोय केली आहे. ‘खोटे’ म्हणायला जीभ धजत नाही म्हणून हा सौम्य शब्द. दोन-तीन हजारांत लाखाचे नाव मिळते, आणि आत स्वस्तातले यंत्र. दुसऱ्याचा शिक्का मारून माल विकणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. जुन्या एचएमटीच्या बाबतीतही असाच उद्योग चालतो: झिजलेल्या तबकड्यांवर भडक रंग चढवायचा, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करायचे आणि ‘जुने पण अस्सल’ म्हणून विकायचे. परदेशांतले संग्राहक अशा मालाला उपरोधाने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराच्या नावाला मिळालेला हा लौकिक आम्हांस लाजिरवाणा वाटतो. नकली घड्याळ वेळ कदाचित बरोबर दाखवील. पण ते घालणारा दिवसभर स्वतःविषयी एक खोटी गोष्ट सांगत हिंडतो. हजाराचे खरे घड्याळ हातात असेल तर हात लपवावा लागत नाही.

‘मोबाईल असताना घड्याळ हवेच कशाला?’ असे तरुण विचारतात. मोबाईलची वेळ अचूक असते, हे मान्य. परंतु वेळ पाहण्यासाठी तो बाहेर काढला की संदेश दिसतो, संदेशापाठोपाठ चित्रफीत येते, आणि किती वाजले ते पाहायचेच राहून जाते. शिवाय कारखान्यात अनेक ठिकाणी मोबाईल दारातच ठेवावा लागतो, परीक्षेच्या खोलीत तो नेता येत नाही, आणि रात्रीपर्यंत त्याची बॅटरी उतरते. घड्याळ एकच काम करते, आणि ते मुकाट्याने करते. समोरचा माणूस बोलत असताना मोबाईल काढणे हा त्याचा अनादर. मनगटाकडे टाकलेली एक नजर बहुधा त्याच्या लक्षातही येत नाही.

मग घड्याळ घ्यावे कसे? आमचा सल्ला साधा आहे. पहिली गोष्ट, तबकडी पाहावी. पहाटेच्या अंधुक उजेडात, फलाटावर, चष्म्याशिवाय वेळ वाचता आली पाहिजे. आकडे स्पष्ट असावेत, काट्यांचा रंग तबकडीत मिसळून जाऊ नये. स्त्रियांसाठी म्हणून जी नाण्याएवढी घड्याळे विकतात त्यांत नक्षी दिसते, मिनिटे दिसत नाहीत. पहाटेची लोकल गाठणाऱ्या भगिनींनी ती निःसंकोच नाकारावी. दुसरी गोष्ट पाण्याची. मागच्या झाकणावर ‘३० मीटर’ असे कोरलेले असले तरी त्याचा अर्थ तीस मीटर खोल बुडी मारता येते असा नाही. हात धुताना उडालेले शिंतोडे सोसण्यापुरतेच ते असते. आमच्याकडच्या पावसात चिखलणीला उतरणाऱ्याने १०० मीटरचे घ्यावे. चामड्याचा पट्टा येथे एका पावसाळ्यात कुजतो. नायलॉन, रबर वा पोलादाचा बरा. तिसरी गोष्ट काचेची. प्लॅस्टिकच्या काचेवर ओरखडे लवकर पडतात, पण ती फुटत नाही आणि घासून स्वच्छ होते. नीलमणी जातीची काच ओरखडत नाही, मात्र जोराच्या आघाताने तडकू शकते. ज्याचे काम जसे, तशी त्याची काच.

चौथी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुरुस्तीची. घेण्यापूर्वी विचारावे: हे बिघडले तर शहापूरचा किंवा कल्याणचा घड्याळजी उघडू शकेल का? सेल घरच्या माणसाच्या ऐपतीत बदलून मिळेल का? सेल संपला की लगेच काढून टाकावा. संपलेला सेल आत पाझरतो आणि चांगले यंत्र नासवतो, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. उंची यांत्रिक घड्याळाच्या एका साफसफाईचा खर्च आमच्या भागातल्या कित्येक कुटुंबांच्या महिन्याच्या मिळकतीहून अधिक असतो. मुलीचा बाप एकदा कर्ज काढून ते देतो. पुढे ते बंद पडते, दुरुस्तीला पैसे नसतात आणि ते कपाटात पडून राहते. दुरुस्त न होणारे घड्याळ भेट म्हणून देणे म्हणजे समोरच्याला खर्चात पाडणे होय.

हे सारे सांगून आम्ही पुन्हा यादीतल्या त्या नोंदीकडे येतो. बंगळूरला ज्या साली घड्याळांचा कारखाना उभा राहिला, त्याच साली, म्हणजे १९६१ साली, संसदेने हुंडाबंदीचा कायदा केला. सामान्य माणसाला स्वस्त घड्याळ देऊ पाहणारा कारखाना बंद पडला. आणि मुलीच्या बापाला लुबाडण्यापासून वाचवू पाहणारा कायदा जिवंत असून निजला आहे. ‘आम्ही मागितले नाही, त्यांनी हौसेने दिले,’ असे वरपक्ष म्हणतो. हौसेने दिलेल्या वस्तूचे कंपनीसकट नाव आधी कळवावे लागते काय? रानातला मोह वेचून, वीटभट्टीवर राबून, किंवा भाताचा एक तुकडा गहाण टाकून जे घड्याळ येते, त्यात हौस कोणाची आणि हुंदका कोणाचा?

आणि त्या घड्याळाचे पुढे काय होते ते आम्ही धर्मगुरू वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. विवाहविधी चारचा ठरलेला असतो. वाजंत्री गावाच्या वेशीवर वाजत असते, नाच चालू असतो, आणि वरात देवळाच्या दारी पोचते साडेपाचला. वधू तिच्या लोकांसह दीड तास ताटकळलेली, म्हाताऱ्या आज्या बाकांवर पेंगलेल्या, लांबून आलेल्या पाहुण्यांची परतीची गाडी चुकलेली. वेदीपुढे उभ्या नवरदेवाच्या मनगटावर मात्र सासऱ्याने दिलेले घड्याळ चमकत असते. आयुष्यभर साथ देण्याचे वचन घेण्यासाठी जो आला आहे, त्याने आज पहिलेच वचन दीड तासाने मोडलेले असते. त्या घड्याळात किती वाजले हे सगळ्या देवळाला कळलेले असते. एकट्या नवरदेवाला कळलेले नसते.

यास्तव आमचे म्हणणे तीन गोष्टींत सांगतो. वरपक्षाने यादीतून घड्याळ काढावे, आणि वाङ्‌निश्चयाच्या बैठकीत वडीलधाऱ्यांनी ते उघडपणे, मोठ्याने, काढायला लावावे. धर्मगुरू बैठकीस हजर असल्यास त्यानेही तेथे मौन पाळू नये. घड्याळ द्यायचेच असेल तर ते मुलीला द्यावे, तेही लग्नात नव्हे, दहावीच्या परीक्षेपूर्वी: साधे, स्वच्छ तबकडीचे, दुरुस्त होणारे. ते हातात असले की उत्तरपत्रिकेची उरलेली वीस मिनिटे तिला दिसतील, आणि पुढे कॉलेजची गाडीही ती चुकविणार नाही. आणि तिसरी गोष्ट नवरदेवांसाठी. स्वतःच्या पहिल्या पगारातून परवडेल ते घड्याळ घ्या. ते हजाराचे असो की पाच हजारांचे, त्याचे नाव कोणी विचारणार नाही. विवाहविधी चारचा असेल तर पावणेचारला देवळाच्या दारी हजर राहा. त्या दिवशी तुमच्या मनगटाकडे बोट दाखवून लोक आपल्या मुलांना सांगतील, की हा माणूस वेळेचा पक्का आहे. आमच्या भागात एवढ्या किमतीचे घड्याळ अजून कोणी विकत घेतलेले नाही.